टॅब की ई-रीडर? आधी पुस्तक कोणत्या रूपात मिळतं ते पाहा

"वाचायला टॅब घेऊ की किंडल?" हा प्रश्न आता पातूरसारख्या तालुक्याच्या गावातही विचारला जातो. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक असतो अभ्यासिकेत दिवस काढणारा एमपीएससीचा विद्यार्थी. त्याच्या मोबाईलमध्ये पीडीएफचा ढीग साचलेला असतो आणि एवढ्याशा पडद्यावर वाचून डोळे दुखायला लागलेले असतात. दुसरी असते नोकरीतून मोकळी झालेली किंवा होत आलेली व्यक्ती. आयुष्यभर राहून गेलेल्या कादंबऱ्या, चरित्रं तिला आता निवांत वाचायची असतात. इंटरनेटवर शोधलं तर दोघांनाही एकच उत्तर मिळतं: वाचनासाठी ई-रीडर (म्हणजे किंडलसारखं वाचनयंत्र), बाकी सगळ्यासाठी टॅब. हे उत्तर इंग्रजी वाचणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. मराठी वाचकानं ते जसंच्या तसं घेतलं तर दहा-पंधरा हजार रुपये खर्चून घेतलेलं यंत्र महिन्याभरात कपाटात जाण्याची शक्यता मोठी.

पातूर अकोल्यापासून तीसेक किलोमीटरवर, अकोला-वाशीम रस्त्यावर. शाळा-कॉलेजची पुस्तकं गावात मिळतात, पण एखादी हवी ती कादंबरी किंवा संदर्भग्रंथ पाहिजे असेल तर अकोला गाठावं लागतं, आणि तिथंही नसेल तर पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. पुस्तक घरबसल्या पडद्यावर येण्याची किंमत पुण्याच्या वाचकापेक्षा पातूरच्या वाचकाला जास्त आहे. म्हणूनच यंत्र निवडताना इथं चूक परवडत नाही.

दोन्ही यंत्रांत फरक आहे तो पडद्याचा. टॅबच्या पडद्यामागे दिवा असतो. त्याचा उजेड रंगीत जाळीतून गाळून थेट आपल्या डोळ्यांकडे येतो आणि चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्यानं काढलं जातं. त्यामुळे टॅबवर व्हिडिओ चालतो, रंग खुलतात आणि बॅटरी आठ-दहा तासांत संपते. ई-रीडरचा पडदा वेगळ्या कुळातला आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकात त्यावर काम केलं आणि १९९७ मध्ये त्यातून ई-इंक ही कंपनी निघाली. या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात. कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण. पांढऱ्या कणांवर एका जातीचा विद्युतभार, काळ्यांवर उलट जातीचा. खालून विजेचा दाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात आणि अक्षर उमटतं. एकदा कण जागेवर बसले की वीज तोडली तरी ते हलत नाहीत. रांगोळी घातली की पुसेपर्यंत राहते तसं. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून ई-रीडर एका चार्जिंगवर दिवस नव्हे, आठवडे चालतो.

ई-इंकचं पहिलं वाचनयंत्र सोनीनं २००४ मध्ये जपानात आणलं. ॲमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं आणि एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आल्यावर टॅब की ई-रीडर ही तुलना सुरू झाली.

आपल्याकडच्या उन्हात हा फरक लगेच कळतो. भर उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स (पडलेल्या उजेडाचं माप) असतो. साधा टॅब जास्तीत जास्त चारशे-पाचशे निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड फेकतो. उन्हात तो काळा आरसाच होतो आणि वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. ई-इंकचा पडदा स्वतः उजेड फेकत नाही, पडलेल्या उजेडातला सुमारे चाळीस टक्के परत पाठवतो. ऊन जितकं कडक तितकं अक्षर ठळक. धुऱ्यावरच्या निंबाखाली दुपारी पुस्तक वाचायचं असेल तर टॅब बाद. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीच्या लाईटवर आली की मोटर चालू करून मळ्यात बसून राहावं लागतं. तिथंही आठवडाभर चार्जिंगची चिंता नसलेलं यंत्र सोयीचं पडतं. आजच्या ई-रीडरला कडेनं बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड पानावर पसरतो, त्यामुळे अंधारातही वाचता येतं.

पण उन्हात वाचता येतं याचा अर्थ यंत्र उन्हात ठेवावं असा होत नाही. आयपॅड असो की किंडल, कंपनीच्या माहितीपुस्तिकेत वापरण्याचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलेलं असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो. बंद गाडीत तर विचारूच नका. लिथियम बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते आणि उष्णतेत चार्जिंग करणं सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात यंत्र रात्री किंवा पहाटे चार्ज करावं. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावून ठेवू नये. ही काळजी दोन्ही यंत्रांना सारखीच.

डोळ्यांबद्दल बाजारात बरीच भीती विकली जाते. निळ्या प्रकाशानं डोळे खराब होतात असा पुरावा नाही, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते. त्रास होतो तो वेगळ्या कारणानं: पडद्याकडे पाहताना आपल्या पापण्या कमी लवतात. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात, कूलरच्या झोतासमोर बसून वाचणाऱ्याला हा त्रास आणखी होतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावं हा नेत्रतज्ज्ञांचा साधा सल्ला कुठल्याही महागड्या 'ब्लू कट' चष्म्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

झोपेचं मात्र वेगळं आहे. २०१५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १२ जणांना काही रात्री झोपण्यापूर्वी चार तास आयपॅडवर आणि काही रात्री छापील पुस्तकावर वाचायला लावलं. टॅबवर वाचलेल्या रात्री त्यांना झोप यायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली आणि झोप आणणारं मेलाटोनिन दबलं. माणसं थोडी होती आणि चार तास पूर्ण उजेडात वाचणं रोजचं नसतं, तेव्हा या आकड्याचा बाऊ करू नये. तरी रात्री अंथरुणात वाचणाऱ्यानं टॅबचा उजेड कमीत कमी ठेवावा. ई-रीडरचा मंद उजेड इथं सरस आहे, हे मान्य करायला हवं.

इथपर्यंतचं सगळं ई-रीडरच्या बाजूचं झालं. आता मराठी पुस्तकांकडे वळू, कारण खरा निकाल तिथं लागतो.

पडद्यावरचं पुस्तक दोन रूपांत असतं. एका रूपात मजकूर मोकळा असतो: अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. ई-पब आणि किंडलची पुस्तकं या जातीची. दुसऱ्या रूपात पान म्हणजे एक ठरलेलं चित्र असतं, जसं पीडीएफ. अक्षर मोठं करायला गेलं की सगळं पान मोठं होतं, ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीला बोटानं पान सरकवत बसावं लागतं. ई-रीडर बनवलाय तो पहिल्या रूपासाठी. आणि मराठीतलं कायदेशीर, फुकट साहित्य मोठ्या प्रमाणावर आहे ते दुसऱ्या रूपात.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळानं आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, पीडीएफमध्ये. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं फुकट वाटतं, पीडीएफमध्ये. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, शासनाचं 'लोकराज्य' मासिक, आर्काइव्ह डॉट ऑर्गवरचे जुने दुर्मीळ ग्रंथ, सगळं पीडीएफ. त्यातही जुनी पुस्तकं स्कॅन केलेली, पिवळ्या पानांची, कडेला काळ्या पट्ट्या असलेली.

सहा इंची ई-रीडरवर हे कसं दिसतं त्याचा हिशेब करून पाहा. सहा इंच हा पडद्याचा कर्ण. प्रत्यक्षात पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. मराठी कादंबरीचं नेहमीचं डेमी आकाराचं पान सुमारे १४ बाय साडेएकवीस सेंटिमीटर. ते पूर्ण पान पडद्यावर बसवलं तर अक्षर मूळच्या जेमतेम ५६ टक्के उरतं. बारा पॉइंटचं अक्षर सात पॉइंटाचं होतं. मार्जिन कापून टाकले तरी सत्तर टक्क्यांच्या पुढं फारसं जात नाही. पाठ्यपुस्तकाचं ए-फोर आकाराचं पान असेल तर अक्षर चाळीस टक्क्यांवर येतं. औषधाच्या बाटलीवरच्या बारीक मजकुराइतकं अक्षर तासभर कोण वाचणार? इंग्रजी अक्षर लहान झालं तरी ओळखू येतं. आपल्याकडे 'द्ध', 'ट्ठ', 'क्ष्म' यांसारखी जोडाक्षरं, वर मात्रा-रफार, खाली उकार. अक्षर लहान झालं की हे सगळं एकमेकांत मिसळतं. दहा-अकरा इंची टॅबवर मात्र डेमी पान जवळजवळ मूळ आकारात बसतं आणि ए-फोरही दोन-तृतीयांशाच्या आसपास आकारात दिसतं.

"पीडीएफचं ई-पब करून घेऊ" असं काही जण म्हणतात. करून पाहा. मराठी प्रकाशकांचं काम कित्येक वर्षं युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीपूर्वीच्या फॉन्टमध्ये चाललं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या 'क'च्या मागे संगणकाच्या लेखी एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. छापताना काही बिघडत नाही. रूपांतर करायला गेलं की 'महाराष्ट्र'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी बाहेर पडते. ओळखायची सोपी रीत आहे: पीडीएफ उघडा, समोर दिसणारा एखादा शब्द मराठी कळफलकानं शोधाच्या चौकटीत टाइप करा. सापडला नाही तर ते पुस्तक जुन्या फॉन्टमधलं तरी आहे किंवा स्कॅन केलेलं चित्र तरी. तसलं पुस्तक सहा इंचावर सुखानं वाचता येणार नाही.

विकतच्या पुस्तकांचंही असंच आहे. ॲमेझॉननं डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतली किंडल पुस्तकं आणली. त्यानंतर मराठी प्रकाशकांची आणि स्वतःच प्रकाशित करणाऱ्या लेखकांची बरीच पुस्तकं तिथं आली आणि ती ई-रीडरवर देखणी दिसतात. पण मराठी ई-पुस्तकांचं दुसरं मोठं दुकान म्हणजे बुकगंगा. तिथली पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, आणि ते ॲप किंडल यंत्रावर चालत नाही. उलट किंडलचं ॲप टॅबवर चालतं. म्हणजे टॅबवर दोन्ही दुकानं उघडी, किंडलवर एकच. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंकचे काही ई-रीडर मिळतात, त्यांवर दोन्ही ॲप घालता येतात. पण त्यांची किंमत चांगल्या टॅबच्या पुढं जाते आणि बिघडलं तर जवळपास दुरुस्ती मिळत नाही. टॅबची फुटलेली काच बदलून देणारा तालुक्याच्या गावीही सापडतो.

तरीही मोकळ्या मजकुराचा एक मोठा, फुकट आणि पूर्ण कायदेशीर साठा मराठीत आहे आणि फार थोड्यांना त्याची माहिती आहे. तो म्हणजे मराठी विकिस्रोत. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' विकिस्रोतावर आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची 'अंगारमळा'सारखी पुस्तकं मुक्त परवान्यानं तिथं आली आहेत; कापसाच्या भावासाठी ज्या मुलखानं आंदोलनं पाहिली, तिथल्या वाचकानं ती वाचायलाच हवीत. ही पुस्तकं स्वयंसेवकांनी टाइप करून, तपासून युनिकोडमध्ये आणली आहेत. पुस्तकाच्या पानावरून ई-पब उतरवायचं आणि ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सोयीनं यंत्रावर पाठवायचं. २०२२ पासून ई-पब तिथं थेट चालतं. अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी नीट बसतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफबद्दलही सांगितलं पाहिजे. गाजलेल्या लेखकांची नवी पुस्तकं तिथं सर्रास मिळतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची असते. त्यातल्या पन्नास वाचकांनी चोरीची प्रत घेतली तरी लेखकाला आणि छोट्या प्रकाशकाला ते जाणवतं. यंत्रावर हजारो रुपये घालणाऱ्यानं पुस्तकाचे दोनशे रुपये वाचवू नयेत.

विद्यार्थ्याची गरज वेगळी. त्याला रंगीत नकाशे लागतात. करड्या रंगाच्या सोळा छटा दाखवणाऱ्या ई-रीडरवर भूगोलाच्या नकाशातला कापूस आणि सोयाबीन सारखेच दिसतात. रंगीत ई-इंक आलं आहे, पण त्याचे रंग फिके आणि किंमत चढी. शिवाय व्याख्यानांचे व्हिडिओ, सराव परीक्षा, पीडीएफवर पेन्सिलनं केलेल्या खुणा. हे सगळं टॅबचं काम. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेनं जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट डेटा दिला. विदर्भातल्या कितीतरी घरांत तो टॅब आज आहे, आणि परीक्षा झाल्यावर गाणी-सिनेमे पाहण्यापुरता उरला आहे. अशा घरात नवं काही घेण्याआधी तोच वाचनाला लावावा.

त्याला दोन-तीन गोष्टी पुरतात. वाचनासाठी वेगळं प्रोफाइल तयार करा, त्यात व्हॉट्सॲप, यूट्यूब, खेळ काहीच नको. वाचताना इंटरनेट बंद. उजेड खोलीतल्या उजेडाइतकाच, पार्श्वभूमी किंचित पिवळसर. अंधूक दिसणाऱ्या आजी-आजोबांसाठी अँड्रॉइडची मजकूर वाचून दाखवण्याची सोय मराठीतही चालते. मात्र त्यालाही युनिकोड मजकूरच लागतो. नवा टॅब घ्यायचा असेल तर पडदा दहा इंचांहून लहान नको आणि १९२० बाय १२०० ठिपक्यांपेक्षा कमी नको. १२८० बाय ८०० ठिपक्यांच्या स्वस्त टॅबवर एका इंचात दीडशेच ठिपके येतात आणि जोडाक्षरं फाटतात. चांगल्या ई-रीडरवर एका इंचात तीनशे असतात.

अभ्यासू वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचा एकत्र आढावा घेतला गेला. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर वाचलेला जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. गोष्टीरूप मजकुरात तसा फरक आढळला नाही. तेव्हा कादंबरी पडद्यावर खुशाल वाचावी. राज्यघटनेचं किंवा अर्थशास्त्राचं मुख्य पुस्तक कागदाचंच घ्यावं आणि चालू घडामोडी, जुन्या प्रश्नपत्रिका यांच्यासाठी टॅब ठेवावा.

विकत घेतलेलं ई-पुस्तक आपल्या मालकीचं नसतं, वाचायची परवानगी तेवढी मिळते, हेही आधीच कळलेलं बरं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पुन्हापुन्हा लागणारं, मुलांना द्यायचं पुस्तक छापील घ्या.

आता निवडीचं. पुढच्या वर्षभरात वाचायची दहा पुस्तकं एका कागदावर लिहा. प्रत्येकासमोर ते कुठं मिळतं ते लिहा: किंडलवर, विकिस्रोतावर, बुकगंगावर, पीडीएफमध्ये, की फक्त छापील. दहातली सहा-सात पहिल्या दोन ठिकाणची असतील, तुम्ही इंग्रजीही वाचत असाल आणि रोज तासभर सलग वाचायची सवय असेल, तर बेलाशक ई-रीडर घ्या. सहा इंचांऐवजी सात इंची मिळाला तर तोच. बहुतेक पुस्तकं पीडीएफ किंवा बुकगंगाची असतील, घरात विद्यार्थी असेल, किंवा यंत्र एकच घ्यायचं असेल, तर दहा इंची टॅब घ्या. माझ्या मते पातूरच्या दहापैकी सात-आठ घरांचं उत्तर आज टॅबच येईल. आणि यादीतली निम्मी पुस्तकं छापीलच मिळत असतील तर तूर्तास काहीच घेऊ नका. त्या पैशांत वाचनालयाची वर्गणी भरा आणि उरलेल्यातून अकोल्याला जाऊन पुस्तकं आणा.